मदरशाला मदत: रमजानची जकात की दरमहा वर्गणी?

नुकताच नोकरीला लागलेला भाचा विचारत होता, "मामू, मदरशाला जकात देऊ की महिन्याची वर्गणी?"

जकात, म्हणजे ऐपतदार मुसलमानाने द्यायचं सक्तीचं दान, सोपी: वर्षभर टिकलेल्या शिलकीच्या २.५ टक्के, एकदा हिशेब केला की झालं. पण हनफी मताप्रमाणे (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेप्रमाणे) ती गरजूच्या मालकीची व्हावी लागते. गरीब पोरांच्या जेवणा-कपड्यांना चालते; इमारतीला, शिक्षकाच्या पगाराला नाही. अडतं तिथंच. मराठी, गणित शिकवणाऱ्याला पगार दरमहा लागतो आणि तो वर्गणीतूनच निघतो. त्यात हिंदू शेजारीही हातभार लावू शकतात. कोल्हापूरला हे नवं नाही, शाहू महाराजांनी १९०६ मध्येच मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला.

निसाबाइतकी, म्हणजे जकात लागू होण्याइतकी किमान शिल्लक असेल त्याने जकात पोरांच्या जेवणासाठी द्यावी. भाच्यासारख्या पगारदाराने महिन्याला २०० रुपये लावावेत.