छोटं हाय-रेव्ह इंजिन की मोठं टॉर्कवालं? हॉट रॉडमध्ये नक्की काय टाकायचं

हॉट रॉड बनवायची, म्हणजे जुन्या गाडीच्या बॉडीत दमदार इंजिन टाकायचं ठरलं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण उत्तर हॉर्सपॉवरच्या आकड्यात शोधत बसतात, घोळ तिथेच होतो. दोन इंजिनं कागदावर अगदी सेम पॉवर दाखवतात आणि चालवायला बसलं की दोन वेगळ्याच गाड्या वाटतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी मुख्यतः रस्त्यावर फिरवणार असाल तर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) घ्या, मात्र त्यासाठी अवाढव्य बिग ब्लॉकच (अमेरिकन व्ही८ चा मोठा प्रकार, छोटा तो स्मॉल ब्लॉक) पाहिजे असं अजिबात नाही, त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी हिशोब बघा. टॉर्क पाउंड-फूटमध्ये घ्यायचा, आरपीएमने (मिनिटाला फेरे, यालाच रेव्ह म्हणतात) गुणायचा, ५२५२ ने भागायचं, हॉर्सपॉवर मिळाली. म्हणजे छोट्या इंजिनाने ७००० आरपीएमला २५० पाउंड-फूट दिला तरी ३३३ हॉर्सपॉवर आणि मोठ्याने ३५०० ला ५०० दिला तरी तेवढीच ३३३. आता छोट्याला दुप्पट रिडक्शन दिलं, तर त्याच स्पीडला चाकावर पोचणारा जोर दोन्हीकडे सारखा. त्यामुळे "गाडी टॉर्कवरच पळते, हॉर्सपॉवर नुसती जाहिरात" हे जे सर्रास ऐकू येतं ते चूक आहे. गिअरिंग जमलं तर छोटं इंजिन कुठेही कमी पडत नाही.

पण हे झालं फक्त पीकचं, म्हणजे कमाल आकड्याचं. रस्त्यावर आपण पीकला असतो किती वेळ? सिग्नलवरून सुटताना, चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारावर रमतगमत चाललोय आणि अचानक ओव्हरटेक करायचंय तेव्हा, या सगळ्या ठिकाणी टॉर्कच्या ग्राफची डावी बाजू, म्हणजे खालच्या रेव्हची ओढ, कामाला येते, आणि तिथे क्यूबिक इंचाला, म्हणजे इंजिनाच्या आकारमानाला, तोड नाही.

दोन टोकं शेजारी शेजारी ठेवतो. एकीकडे १९६७ च्या शेवरले कॅमेरो झेड/२८ चं ३०२ (इंजिनांचे असे आकडे म्हणजे क्यूबिक इंचातलं आकारमान). ट्रान्स-ॲम रेसिंगमध्ये साधारण ५ लिटरची मर्यादा होती, म्हणून शेवरलेने ३२७ चा ४ इंच बोअरचा (सिलिंडरचा व्यास) ब्लॉक घेऊन त्यात २८३ चा ३ इंच स्ट्रोकचा (पिस्टनचा वर-खाली प्रवास) क्रँक बसवला. मोठा बोअर, तोकडा स्ट्रोक, त्यामुळे फिरायला हे इंजिन भन्नाट. अधिकृत आकडे २९० हॉर्सपॉवर आणि ४२०० आरपीएमला २९० पाउंड-फूट, आणि गाडी फक्त मॅन्युअल गिअरबॉक्सवरच मिळायची, कारण खालच्या रेव्हला हे इंजिन झोपलेलं असायचं आणि त्याला सतत वर ठेवणं हे ड्रायव्हरचंच काम होतं. दुसरीकडे १९७० चं ब्युइक ४५५ स्टेज १. पॉवर ३६० हॉर्सपॉवर ४६०० ला, पण टॉर्क ५१० पाउंड-फूट आणि तोही फक्त २८०० आरपीएमला! ॲक्सिलरेटरला पाय लागायचा अवकाश की गाडी उचलते, गिअर कुठला आहे हे बघायचीसुद्धा गरज नाही.

(हे सगळे त्या काळचे ग्रॉस आकडे आहेत, म्हणजे इंजिन गाडीबाहेर, ॲक्सेसरीजशिवाय मोजलेले, आजच्या नेट आकड्यांशी त्यांची थेट तुलना करू नका.)

होंडा एस२००० चं उदाहरण तर मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. २ लिटर, ९००० ची रेडलाइन (रेव्हची कमाल मर्यादा), अमेरिकन मॉडेलला ८३०० वर २४० हॉर्सपॉवर, टॉर्क मात्र १५३ पाउंड-फूट आणि तोही ७५०० ला. २००४ ला अमेरिकेसाठी होंडानेच स्ट्रोक ८४ वरून ९०.७ मिलीमीटर केला, इंजिन २.२ लिटरचं झालं, रेडलाइन ८००० वर आली, टॉर्क १६२ झाला आणि ६५०० लाच मिळायला लागला. हॉर्सपॉवर तीच, २४०. म्हणजे रेव्हसाठीच नावाजलेल्या गाडीतही कंपनीला वरचे हजार आरपीएम सोडून खालची ओढ घ्यावीशी वाटली, याचा विचार करा.

आता पैशाचा मुद्दा, कारण निर्णय शेवटी तिथेच अडतो. रेव्ह पाहिजे तर पैसा जातो इंजिनाच्या आत, टॉर्क पाहिजे तर जातो इंजिनाच्या मागे.

आत का, तर पिस्टन आणि रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६००० वरून ८००० ला गेलात तर आरपीएम एक तृतीयांशच वाढले पण ताण पावणेदोन पटीच्या वर गेला. आणि बऱ्याचदा पिस्टनच्या आधी व्हॉल्व्ह हात टेकतात. व्हॉल्व्ह स्प्रिंगचं काम इतकंच की कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) लोब, म्हणजे उंचवटा, उतरायला लागला की व्हॉल्व्ह त्याच्या मागोमाग परत बंद करायचा. एका रेव्हच्या पुढे स्प्रिंगला ते झेपत नाही, व्हॉल्व्ह कॅमला सोडून हवेत तरंगतो, यालाच फ्लोट म्हणतात. गाडीत बसून कसं जाणवतं, तर इंजिन वर चढता चढता एकदम अडखळतं, आवाज फाटतो, पॉवर गायब होते, आणि तरीही दाबत राहिलात तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकू शकतो. म्हणून कडक स्प्रिंग, हलके रिटेनर, चांगले पुशरॉड, फोर्ज्ड रॉड, बॅलन्सिंग, हे सगळं ओघाने आलंच, यात काटकसर करून चालतच नाही.

इथे एक गंमत सांगतो. ३०२ चा स्ट्रोक ७६.२ मिलीमीटर, ते ७५०० ला फिरवलं तर पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला १९ मीटर. शेवरलेच्याच ४५४ बिग ब्लॉकचा स्ट्रोक १०१.६, ते ५५०० लाच १८.६ वर पोचतं. म्हणजे मोठं इंजिन "आरामात" फिरतंय असं आपल्याला आवाजावरून वाटतं पण त्याचा पिस्टन जवळपास तितकाच पळत असतो. मोठं म्हणजे कसंही पिळा, असं समजू नका.

टॉर्कवाल्याचा खर्च मागे म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, रिअर एक्सल. हलक्या गाडीचा जुना एक्सल पाचशे पाउंड-फूटपुढे टिकत नाही, म्हणूनच लोक फोर्ड ९ इंच किंवा डेना ६० सारखे मजबूत एक्सल शोधत फिरतात. आणि टायर! पातळ टायरवर एवढा टॉर्क म्हणजे नुसता धूर, गाडी जागेवरच. शिवाय वजन. कास्ट आयर्नचा बिग ब्लॉक स्मॉल ब्लॉकपेक्षा साधारण ५० किलोने जड, तेही सगळं पुढच्या चाकांवर. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसारख्या गाडीत, जी मुळात ६५ हॉर्सपॉवरच्या फ्लॅटहेड व्ही८ इंजिनासाठी बनली होती, तिथे हे ५० किलो स्टिअरिंगला आणि ब्रेकला लगेच कळतात.

हाय-रेव्हच्या बाजूने बोलायचं तर मजा खरंच वेगळी आहे हो. सहा हजाराच्या पुढे इंजिन जे सुटतं, त्याची सर मोठ्या इंजिनाला येत नाही, आणि टॉर्क कमी असल्यामुळे कोपऱ्यातून निघताना मागचं चाक हातात राहतं. पण मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडणारा) टाकलात की आयडल खडबडीत होतं, मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम पडतं, पॉवर ब्रेकचा बूस्टर असेल तर पेडल कडक लागतं, आणि ऑटोमॅटिक असेल तर जास्त स्टॉलचा, म्हणजे वरच्या रेव्हला पकड घेणारा, टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा लागतो. ४.११ किंवा ४.५६ रेशोचा एक्सल (आकडा मोठा तितकं इंजिन जास्त फिरतं) लावून हायवेवर निघालात, ओव्हरड्राइव्ह (रेव्ह उतरवणारा वरचा गिअर) नाही, तर तासाभरात डोकं उठतं. ट्रॅफिकमध्ये तर क्लच पायाचा जीव काढतो.

म्हणून मला स्वतःला मधला रस्ता पटतो, स्ट्रोकर, म्हणजे त्याच ब्लॉकमध्ये जास्त स्ट्रोकचा क्रँक. शेवरले ३५० च्या ब्लॉकला ०.०३० इंच बोअर करायचं, ३.४८ च्या जागी ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक टाकायचा, झालं ३८३. बाहेरून तेच स्मॉल ब्लॉक, तीच माउंटिंग, तेच हेडर, वजनही जवळपास तेच, आणि खालची ओढ मात्र चांगलीच वाढते. फोर्डवाल्यांना ३०२ चं ३४७ करता येतं, तसंच ०.०३० इंच बोअर करून आणि ३ इंचाच्या जागी ३.४० चा क्रँक घालून.

मग कोणी काय घ्यावं? गाडी टनाच्या आसपास, हलकी, मॅन्युअल, आणि तुम्हाला ट्रॅकवर किंवा घाटातल्या वळणांवर गिअर बदलत खेळायचंय, तर छोटं हाय-रेव्ह बिनधास्त घ्या, पण व्हॉल्व्हट्रेनचं बजेट आधी बाजूला काढा. गाडी दीड टनाच्या वर, ऑटोमॅटिक, घरची माणसं बसणार, लांबचा प्रवास, तर मोठं इंजिन, सौम्य कॅम, ३.०८ च्या आसपासचा एक्सल, आणि सहा हजाराचा विषयच सोडून द्या. सगळ्यात वाईट जोड म्हणजे जड गाडी, ऑटोमॅटिक, उंच (म्हणजे ३.०८ सारखा छोट्या आकड्याचा) एक्सल आणि वर जोरदार कॅम घातलेलं छोटं इंजिन. आयडलचा आवाज जबरदस्त येतो पण सिग्नलवरून गाडी हलता हलत नाही. कुणी अशी तयार गाडी विकायला काढली असेल तर एक्सल रेशो, कन्व्हर्टरचा स्टॉल आणि कॅम कार्ड (कॅमच्या मापांचा कागद), या तीन गोष्टी विचारल्याशिवाय किमतीवर बोलूच नका.