आजारी बेटा मासा, निळी बाटली आणि माझे 10,798 रुपये

हे लिहायची लाज वाटते. रोज दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस मी, आणि मला एका 'मत्स्यतज्ज्ञा'ने 10,798 रुपयांना गंडवलं. हसायचं तर हसून घ्या, पण घरात छोटी टाकी असेल तर पुढचं वाचा.

नवाब, म्हणजे आमचा बेटा जातीचा मासा, दोन दिवस तळाशी पडून होता. पंख अंगाला चिकटलेले, शेपटीची कड काळपट आणि झिजलेली, खाणं बंद. श्वास घ्यायला वर यायचा तोही धापा टाकत. दोन पशुवैद्यांना फोन केला, दोघंही म्हणाले, आम्ही मासे बघत नाही. रात्री साडेअकराला कोणी 'फोटो पाठवा, दहा मिनिटांत निदान' म्हणालं, तर तुम्ही काय केलं असतं? मी 499 भरले.

आणि घाईत भलताच फोटो पाठवला. नवाबला घरी आणला त्या दिवशीचा. पंख पसरलेले, रंग झळझळीत, ठणठणीत मासा. उत्तर आलं: "संसर्ग आत पोचलाय, शेपूट सडतेय, 48 तास हातात आहेत."

चूक माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. तिथेच फोन ठेवून झोपायला हवं होतं. पण मी काय विचार केला? की तज्ज्ञाची नजर आहे, आपल्याला न दिसणारं त्याला दिसलं असेल! गुपचूप दुसरा फोटो पाठवला आणि वर 'सॉरी सर' लिहिलं. ते 'सॉरी सर' आजही डोक्यात घण घालतं.

त्याने पाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. टाकी किती लिटरची, तापमान किती, पाणी कधी बदललं, काही नाही. जो आधी पाणी विचारत नाही, त्याला माशातलं काही कळत नाही. विचारलं असतं तर 8 लिटरची टाकी, हीटर नाही, आणि आठवड्यापूर्वी मी फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला होता, हे बाहेर आलं असतं. नळाच्या क्लोरीनने स्पंजातले, माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू मेले. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा असतो. टेस्ट किट आणलं तेव्हा अमोनिया 2 पीपीएम निघाला, जो शून्य हवा. पण किट आणलं कधी? सगळं आटोपल्यावर.

औषधाचे 1,850, 'थंड पेटीतून पाठवायचे' 650. आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळ्या पाण्याची बाटली. लेबलावर ना घटक, ना मुदत. चार दिवस थेट टाकीत ओतलं. टाकीच्या सांध्यांचं सिलिकॉन अजून निळं आहे, म्हणजे बहुधा पातळ केलेलं मेथिलीन ब्लू, माशांच्या आजारांवर वापरतात ते निळं रसायन. ते खरं असलं तरी मुख्य टाकीत घालत नाहीत, उरलेसुरले उपयोगी जीवाणूही जातात. वेगळ्या भांड्यात, मोजून.

पाचव्या दिवशी पोट फुगलं, खवले उभे राहिले. वरून पाहिलं तर पाइनच्या बोंडासारखा दिसायचा. मासे पाळणाऱ्यांना माहीत आहे, तिथून फार थोडे परततात. हा म्हणतो, "विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. दुसरा टप्पा 2,400." दिले. कारण आधीचे 2,999 पाण्यात गेले, हे मान्य करायची तयारी नव्हती.

नवव्या दिवशी नवाब गेला. मी वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, सगळे 5,399 परत करतो, कोड स्कॅन करून पिन टाका. आकडा पैशापर्यंत बरोबर होता, म्हणून विश्वास बसला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी आईला दहादा बजावलंय. आणखी 5,399 गेले.

मग सुरू झाली खरी वरात. पेमेंट अ‍ॅपवाले म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. बँक म्हणाली, अ‍ॅपकडे जा. चौकीत सांगितलं, सायबरला जा. सायबरच्या खिडकीवर कळलं की आधी चौकीचा अर्ज लागतो. ऑनलाइन तक्रारीत 'फसवणुकीचा प्रकार' निवडायचा होता, त्यात मला बसेल असा एकही रकाना नव्हता. 'इतर' निवडलं तर सविस्तर लिहायला 200 अक्षरं! पुन्हा चौकीत गेलो तर साहेबांनी विचारलं, मासा केवढ्याचा होता? सांगितलं. शेजारच्याकडे बघून हसले. "अहो, त्यात असे कितीतरी आले असते." मी माशाची नाही, माणसाची तक्रार घेऊन आलो होतो. तीन आठवड्यांनी संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कुणी फोनसुद्धा केला नव्हता.

हो, स्क्रीनशॉट तेव्हाच काढून ठेवा. त्याने त्याचे सगळे संदेश पुसले, माझ्याकडे फक्त माझे 'सर, सर' उरले.

काल भावाच्या फोनवरून त्याचा नंबर पाहिला. चालू आहे. स्टेटसला दोन फोटो जोडून लावलेत. 'उपचाराआधी' खाली माझा तळाशी पडलेला नवाब. आणि 'उपचारानंतर' खाली तोच चुकून पाठवलेला फोटो, पंख पसरलेले, रंग झळझळीत.