मांगा या जपानी चित्रकथांतली मारामारी काढायला जोडांची बाहुली : आठ महिन्यांच्या वापरानंतर

चित्रासाठी हवी ती पोझ देता येणारी ही बाहुली जूनमध्ये घेतली, आता फेब्रुवारी संपत आलाय. आठवड्यातले चार-पाच दिवस तरी ती हाताखाली असते, त्यामुळे नव्याची नवलाई ओसरल्यावरचं काही सांगता येईल. उंची साधारण १५ सेंटीमीटर, रंग राखाडी, चेहरा नाही. सोबत बदलायचे पंजे मिळतात : आवळलेली मूठ, उघडा तळवा, तलवार धरायची पकड. शिवाय कमरेला धरून हवेत उचलणारा स्टँड.

त्याआधी माझ्याकडे चित्रकलेच्या दुकानात मिळतो तो लाकडी पुतळा होता. उभं राहणं आणि चालणं यापुढे त्याची मजल जात नाही. गुडघा छातीकडे आणायला गेलं की मांडी मध्येच अडते, आणि कराटेतली जवळजवळ प्रत्येक लाथ तिथूनच तर सुरू होते. मला कराटेच काढायचं होतं. भाची तीन वर्षं शिकतेय, तिच्या स्पर्धांना मी वही घेऊन बसते.

बाहुलीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो थेट वाचकाच्या तोंडावर येणाऱ्या ठोशासाठी. मांगा चित्रकथेत मूठ डोक्याहून मोठी दिसते, मागे खांदा आणि चेहरा लहान होत जातो. हे मी वर्षभर अंदाजाने काढत होते आणि हात नेहमी सुजल्यासारखा दिसायचा. मग बाहुलीचा हात पुढे ताणला आणि मोबाइल अगदी जवळ नेला. कॅमेऱ्यापासून चेहरा १२ सेंटीमीटर आणि मूठ ६ सेंटीमीटर असेल, तर मूठ तिच्या खऱ्या मापाच्या मानाने चेहऱ्याच्या दुप्पट दिसते. लांबून झूम करून घेतलेल्या फोटोत हे होत नाही, सगळं चपटं येतं. मूठ फोटोत थोडी धूसर येते, पण मला आकार हवा असतो, बारकावे नाही. एकाच ठोशाचे असे चाळीसेक फोटो काढले तेव्हा कळलं की कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जवळपास नाहीसाच होतो, मुठीमागे लगेच दंड दिसतो. मी तिथे हात ‘दाखवायला’ जात होते, म्हणून तो सुजत होता.

आता जिथे ती कमी पडते ते. बाहुलीला वजन नाही. स्टँडला अडकवली की ती कुठल्याही अशक्य पोझमध्ये निवांत उभी राहते, आणि आपण ते जसंच्या तसं कागदावर उतरवतो. ऑगस्टमध्ये मी गोल फिरवून मारायची लाथ काढली, मवाशी-गेरी. (भाचीला हे नाव फार आवडतं, त्यात तिला मावशी ऐकू येते.) चित्र मला मनापासून आवडलं होतं. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, याचा खालचा पाय चुकलाय. असं मारलं तर गुडघा जाईल त्याचा.” मग तिने हॉलमध्ये हळूहळू लाथ मारून दाखवली. उभा पाय चवड्यावर फिरतो, टाच जवळपास प्रतिस्पर्ध्याकडे वळते, आणि त्यामुळेच कंबर मोकळी होऊन वरचा पाय आडवा येतो. माझ्या चित्रात खालचं पाऊल सरळ समोर होतं. तेव्हापासून नियम केला : बाहुलीला पोझ देण्याआधी स्वतः उभं राहायचं, निदान अर्ध्या उंचीपर्यंत पाय उचलायचा आणि वजन कुठे येतं ते पाहायचं. शरीराच्या भाराच्या मध्यापासून सरळ खाली एक पुसट रेघ मारते. रेघ पावलाबाहेर पडली तर माणूस पडतोय किंवा झेपावतोय, आणि ते मला हवं आहे का हे ठरवते.

दुसरी उणीव खांद्याची. ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी ओढला जातो, त्याला हिकिते म्हणतात. खऱ्या माणसाचं फऱ्याचं हाड मागे सरकतं, छाती ताणली जाते. प्लास्टिकची छाती तशीच राहते. कपडेही नाहीत, त्यामुळे गीच्या, म्हणजे कराटेच्या पोशाखाच्या, चुण्या स्पर्धेतल्या फोटोंवरूनच शिकावं लागलं : काखेत आणि जांघेत चुण्या एकवटतात, तिथून ताणाच्या दिशेने पसरतात.

ऑक्टोबरमध्ये दुसरी बाहुली घेतली, आणि मारामारी खरी तेव्हा सुरू झाली. एकटा माणूस पोझ देतो, दोघे असले की अंतर येतं. सपाट जमिनीवर दोघे सारख्या उंचीचे असतील तर क्षितिजरेषा दोघांनाही एकाच ठिकाणी कापते. जवळच्याला छातीवर, तर लांबच्यालाही छातीवरच. हे सांभाळलं नाही तर एक जण खड्ड्यात उभा वाटतो. जूडोच्या फेकींसाठीही दोन बाहुल्या लागतात. १८८२ मध्ये कोदोकान ही जूडोची शाळा सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांच्या जूडोत फेकीचे तीन टप्पे मानतात : तोल मोडणं, आत शिरणं, फेकणं. मला ते सरळ तीन चौकटींसारखे दिसतात. आधी मी फक्त फेक काढायची. आता पहिली चौकट तोल मोडण्याला देते, टाच जमिनीवरून जेमतेम सुटलेली, आणि फेकीत जोर आपोआप येतो. वेगाच्या रेषाही मग कमी लागतात.

टिकाऊपणाचं सांगायचं तर पाचव्या महिन्यात एका मनगटाची खुंटी पंजा बदलताना तुटली. सुटा भाग मिळाला नाही. तार घालून चिकटवली, पण ते मनगट आता फिरत नाही. पंजा घट्ट वाटला तर ओढू नका, कोमट पाण्यात मिनिटभर धरा, प्लास्टिक नरम पडतं. कंबर आणि घोटे सैल झाले तेव्हा जोडाला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात दिला आणि पूर्ण वाळल्यावरच हलवलं. तीन महिने झाले, अजून घट्ट आहेत.

एकदम दोन घेणार असाल तर वेगवेगळ्या रंगांच्या घ्या. माझ्या दोन्ही राखाडी आहेत, आणि पकडीच्या फोटोंत कुठला हात कोणाचा हे शोधण्यात बराच वेळ जातो. सध्या एकीच्या दंडाला लाल दोरा बांधून काम चालवतेय.