कोंबड्यांचा तयार पिंजरा आणि त्याचा ट्रे: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पाच कोंबड्यांचा हा पिंजरा बहुतेकांनी पाहिलाय, म्हणून वर्णन थोडक्यात: जस्त चढवलेली जाळी, वर उताराचा पत्रा, बाजूला अंड्यांची पेटी, खाली सरकता ट्रे. मे महिन्यात मी याला चार तारे दिले होते, जुलैत दोन केले. आज पुन्हा लिहायला बसले, कारण पिंजरा तोच आहे, कोंबड्या त्याच आहेत, कोल्हापूरचा पाऊसही दरवर्षीसारखाच झाला, पण वास गेला. आणि तो ट्रे काढल्यावर गेला.

बाकी सगळं सोडा, ट्रेबद्दलच बोलते. त्याची कड जेमतेम बोटभर उंच आहे. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते आणि जवळजवळ तेवढीच शीट टाकते. पाच जणींची मिळून रोज अर्धा किलो, त्यातला पाऊण भाग पाणीच. हे सगळं सपाट पत्र्यावर पडतं. बोटभर कडेत तूस किती मावणार? मूठभर पसरलं की ट्रे ओढताना निम्मं फरशीवर. त्यात पाण्याची वाटी नेमकी ट्रेच्या वर अडकवलेली. कोंबडी चोच बुडवते, मान वर करते, झटकते, आणि प्रत्येक वेळी चार थेंब खाली.

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, ट्रे रोज धुवायचा असतो." धुतला. भर पावसात तो वाळणार कुठे? ओलाच परत सरकवायचा. शीटेतला पांढरा भाग असतो ते युरिक आम्ल. कोरडं आहे तोवर त्याचा फारसा त्रास नाही. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि नाकात झोंबतो तो हाच. म्हणजे रोजच्या धुण्याने वासाला लागणारं पाणी आपणच पुरवायचं.

पुढच्या फोनला सल्ला मिळाला, "चुना भुरभुरा." हा सल्ला गावोगाव देतात, म्हणून मुद्दाम सांगते: ओल्या शीटेवर चुना टाकू नका. चुन्याने ती अल्कधर्मी होते आणि अडकलेला अमोनिया वायू होऊन आणखी जोरात सुटतो. त्या संध्याकाळी आमच्याच स्वयंपाकघरात डोळे चुरचुरले. रिकामा खुराडा धुऊन-वाळवून भिंतींना चुना लावणं वेगळं, तो जरूर लावा.

शेजारच्या काकू भांडखोर नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, कोंबड्या राहू देत, अंडी मीही घेईन, पण जेवताना खिडकी लावून बसायचं का आम्ही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या घरातून मात्र थेट बर्ड फ्लूची विचारणा आली. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आला होता, ते लोक विसरलेले नाहीत. वास आला की पहिली शंका रोगाची येते, मग कितीही समजावून सांगा. शहरात कोंबड्या टिकतात की जातात हे अंड्यांवर नाही, वासावर ठरतं.

त्यातच ट्रेच्या कोपऱ्याला गंज धरला. वॉरंटी मागितली तर "ती जाळीवर आहे, ट्रेवर नाही." शीट आणि पाणी ज्याच्यावर रोज पडणार तोच भाग वॉरंटीतून वगळायचा, याचा मला आजही राग आहे. नवा ट्रे घ्यायचा तर पैसे वेगळे, कुरियर वेगळं.

इथपर्यंतचं जुलै-ऑगस्टमधलं. गणपतीनंतर पुढचं सुरू झालं.

ट्रेवर आणखी एक रुपया घालायचा नाही असं ठरवलं. वेल्डरकडून खालची जाळी कापून घेतली आणि पिंजरा विटांच्या चौथऱ्यावर बसवला, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. आत चार-पाच इंच लिटर, म्हणजे कोंबड्यांखालचं कोरडं अंथरूण, घातलं: आजऱ्याकडच्या भात गिरणीतून आणलेलं तूस आणि लाकडाच्या वखारीतला रंध्याचा जाड भुसा. करवतीचा पिठासारखा भुसा घेऊ नका, त्याचे गोळे होतात आणि धूळही फार. पाण्याची वाटी काढून बादलीला निपल लावले. चोच लावली तरच थेंब येतो, खाली सांडत नाही. सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी हेच.

रात्री कोंबड्या दांडीवर बसतात आणि बरीचशी शीट तिथेच टाकतात. दांडीखाली एक फळी ठेवलीय. सकाळी पत्र्याच्या तुकड्याने खरवडून सगळं कोरड्या पानांबरोबर खताच्या पिंपात टाकते. हे रोज निघालं की माश्यांनाही अंडी घालायला ओली जागा उरत नाही. ताजी शीट झाडांना घालू नका, मुळं जळतात. काही महिने कुजू द्या.

लिटर नीट आहे की नाही हे वासावर सोडू नका, आपलं नाक सरावतं. मूठभर घेऊन आवळायचं. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त झाली. विस्कटलं तर ठीक. ओलसर भाग काढून नवं तूस घालायचं, उरलेलं खुरप्याने हलवायचं. फारच दमट आठवडा असेल तर मूठभर सुपर फॉस्फेट खत मिसळते. ते आम्लधर्मी असल्याने अमोनिया धरून ठेवतं, म्हणजे चुन्याच्या नेमकं उलट. आणि आठवड्यातून एकदा खाली बसून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन श्वास घ्या. त्या तिथे दिवसरात्र असतात. आपल्या डोळ्यांना झोंबलं तर त्यांचे डोळे केव्हाचे बिघडायला लागलेले असतात.

मला खरा आनंद झाला तो कोंबड्यांकडे बघून. जाळीवर नुसत्या उभ्या राहून त्या एकमेकींची पिसं उपटायच्या. आता दिवसभर तूस उकरतात. पिसं उपटणं थांबलं आणि लिटर हलवायचं निम्मं काम त्याच करतात. उकरून उकरून ते वाळतंही लवकर.

खाद्याचंही बघा. उरलेली आमटी घालून खाद्य वाचवायचा मोह मलाही होतो, पण खारट पोटात गेलं की त्या जास्त पाणी पितात आणि शीट पातळ होते. कलिंगडाच्या साली भरपूर घातल्या तरी तेच. आता साधं लेअर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य, वर थोडा पाला. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पहाटेच्या आरवण्याची तक्रार ओढवून घेऊ नका.

पिंजऱ्याचं चांगलं तेही सांगते. जाळी अर्ध्या इंचाची आहे, कडी पक्की आहे. मुंगूस चौथऱ्याभोवती फिरून गेलं, आत शिरू शकलं नाही. पत्र्याचा उतार बरोबर आहे, एकदाही आत गळलं नाही. म्हणून दोनाचे तीन तारे करतेय. चौथा ट्रेमुळे नाही देणार. काकू आता रविवारी अंडी न्यायला येतात आणि पैसे देऊनच नेतात.

नव्याने घेणार असाल तर एवढ्या पैशांत गावातल्या वेल्डरकडून करून घ्या. माप असं: जमिनीवर कोंबडीमागे किमान दोन चौरस फूट, जागा असेल तर तीन-चार, दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच, पाच जणींत फूटभर लांब-रुंद-उंच अंड्याची एक पेटी पुरते. दाराच्या खाली लिटर अडवायला सहा इंचांची आडवी फळी हवीच. तळ वीट-सिमेंटचा. ट्रे नको.