वर्गणीच्या पैशांतून घेतलेलं 'कंपनीचं पिस्तूल'

आमचं वाचनालय सातारा जिल्ह्यातलं, लहानसं. तिथे रंगो बापूजी गुप्त्यांच्या नावाने एक दालन करायचं बरेच दिवस मनात होतं. डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून, इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला जाऊन बसला होता आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत होता. परत आल्यावर सत्तावनच्या उठावाची जुळवाजुळव केली. फितुरी झाली, ते स्वतः निसटले, पण मुलगा सीताराम आणि त्याच्यासोबतच्या लोकांना इंग्रजांनी साताऱ्यात मारलं. आमच्या पोरांना हे माहीत नाही, म्हणून दालन. त्यासाठी गावातून वर्गणी काढली आणि "त्या काळातली एखादी वस्तू कुणाकडे असेल तर कळवा" असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरवला.

तो निरोप वाचूनच त्या माणसाने फोन केला. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. आम्हाला काय हवं आहे हे त्याला आमच्याच निरोपातून कळलं होतं, आणि त्याने नेमकी तीच गोष्ट रचून आणली. म्हणाला, "साहेब, आमच्या वाड्याची वाटणी झाली, त्यात माळ्यावरच्या पेटीत निघालं. आजोबा सांगायचे, सत्तावन साली साताऱ्याला कंपनीच्या घोडेस्वाराकडून हिसकावलेलं आहे. विकवत नाही हो, पण आईचं ऑपरेशन आहे. संस्थेत राहील म्हणून तुम्हाला देतो, व्यापाऱ्याला दिलं नसतं."

फोटो बघून कुणाचंही मन लागेल असं पिस्तूल होतं. शिसवी दस्ता, पितळी बंद, उजव्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट धरलेला सिंह, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची खूण. सोबत इंग्रजीत टाईप केलेला, लाखेचा शिक्का मारलेला 'अस्सलपणाचा दाखला'. किंमत एक लाख सांगितली आणि ८५,००० वर आला. दहा हजार यूपीआयने आगाऊ घेतले, आणि ते खातं तिसऱ्याच नावाचं निघालं ("भाच्याचं आहे, माझं बंद पडलंय"). बाकीचे रोख, हायवेवरच्या एका हॉटेलात. पावती मागितली तर म्हणाला, "घरगुती वस्तूला पावती कसली?"

पुढच्याच आठवड्यात दुसरा फोन आला. आवाज वेगळा, बोलणं दरडावणीचं. "गुन्हे शाखेतून बोलतोय. तुमच्या संस्थेत विनापरवाना पिस्तूल आहे अशी खबर आहे. अध्यक्ष आणि चिटणीस, दोघांवर आर्म्स ॲक्ट लागेल. वरच्या वर मिटवायचं असेल तर पन्नास हजारांची व्यवस्था करा." आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात पोलीस चौकीची पायरी न चढलेले गुरुजी त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी स्वतःच्या पेन्शनमधून पैसे द्यायला निघाले होते. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. वस्तू खोटी विकली ती विकली, वर त्या म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवून पुन्हा लुटायला आले.

गुरुजींना थांबवलं ते आमच्या वकील ताईंनी. त्यांनी शस्त्र कायदा, १९५९ समोर ठेवला. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण एका अटीवर: ते दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. म्हणजे नुसतं जुनं आहे म्हणून सुटका नाही. कोकणात शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतोच ना! आणि उलट, काल बनवलेली नक्कल जर बार काढू शकत असेल तर तीही कायद्याने बंदूकच. तेव्हा आपल्या हातात नक्की काय आहे, हे आधी कळायला हवं होतं. ताईंनी सैन्यात आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारांच्या देखभाल-दुरुस्तीची, नोकरी केलेल्या एका काकांना बोलावलं.

काकांनी चष्मा लावला, पिस्तूल उलटं-सुलटं केलं आणि पहिलं बोट पट्टीवर ठेवलं. तिथे मुकुटाखाली 'व्ही.आर.' ही अक्षरं होती आणि शेजारी साल होतं १८२१. "व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती गादीवर आली १८३७ ला. सोळा वर्षं आधी तिचं नाव कोण कोरेल?" दुसरं बोट घोड्यावर. हे टोपीचं पिस्तूल. निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या भोकाच्या बोंडावर, तांब्याची टोपी बसवायची, घोडा आपटला की टोपीतलं स्फोटक पेटतं आणि ठिणगी नळीत जाते. फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने अशा स्फोटकाचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं हे खरं, पण इंग्रजी फौजेने टोपीची हत्यारं स्वीकारली ती १८४० च्या आसपास. १८२१ चं फौजी पिस्तूल चकमकीचं, म्हणजे गारगोटी आपटून ठिणगी पाडणारं, असायला हवं. चकमकीचं बदलून पुढे टोपीचं केलेली हत्यारं असतात, पण मग जुन्या चकमकीच्या भागांची बुजवलेली भोकं पट्टीवर दिसतात. इथे पट्टी कोरी होती.

मग गज, म्हणजे नळीत दारू ठासायची दांडी. घोडेस्वाराच्या पिस्तुलाचा गज नळीलाच बिजागरीने अडकवलेला असायचा, धावत्या घोड्यावर ठासताना हातातून पडू नये म्हणून. आमच्या पिस्तुलालाही तशी बिजागरी होती. काकांनी गज फिरवून नळीच्या तोंडाशी आणला, तर गजाचं बोंड नळीपेक्षा जाड. आत जाईचना! ज्या गजाने कधी दारू ठासताच येणार नाही असा गज कुठला कारखाना फौजेला देईल?

शेवटी त्यांनी खिळे काढून नळी दस्त्यापासून वेगळी केली. वरून गंजाने काळीतांबडी दिसणारी नळी खालून पांढरी, ग्राइंडरचे ओरखडे ताजे, आणि लांबीभर वेल्डिंगची रेघ. लंडन किंवा बर्मिंगहॅमला तपासलेल्या नळीवर मुकुटाचे तपासणी शिक्के असतात. इथे एकही नव्हता. सिंहसुद्धा ठशाने मारलेला नव्हता, पट्टीसकट ओतलेला होता. भिंगातून त्याच्या आयाळीत ओतकामाचे बारीक फोड दिसत होते. निपल भरीव होतं, आरपार भोकच नव्हतं, म्हणजे ठिणगी नळीत जाऊन बार निघणंच शक्य नव्हतं. बैठकीच्या खोलीत टांगायला अशा वस्तू बनवतात, उघडपणे 'नक्कल' म्हणून विकतात, आणि त्यात गैर काही नाही. या माणसाने तीच वस्तू खाऱ्या पाण्यात गंजवून, चहाच्या पाण्याने दस्ता रंगवून, सत्तावनच्या नावाने खपवली होती.

त्याच दिवशी आम्ही पिस्तूल, दाखला, चॅट आणि कॉलची नोंद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. जाताना गुरुजींचे हात थरथरत होते. तिथल्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की असा फोन त्यांच्याकडून गेलेलाच नाही आणि पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार घेतली. यूपीआयच्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंद केली. ती जितकी लवकर कराल तितकी खात्यात रक्कम अडण्याची शक्यता जास्त. रोख पैशाचा माग काढणं अवघड आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

वकील ताईंनी नंतर आणखी एक गोष्ट सांगितली, ती संस्थांनी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरावस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने परवाना लागतो. परवानाधारक विक्रेत्याला नाव, पत्ता आणि पावती द्यायला अडचण नसते. "घरगुती आहे" म्हणून पावती टाळणाऱ्याकडून संस्थेच्या पैशाने काही घेऊ नका. वस्तू आवडली तर पैसे देण्याआधी जाणकारासमोर नळी उघडायला सांगा. खरी वस्तू विकणारा तयार होतो. आणि पैसे गेले असतील, वर धमकीचा फोन आला असेल, तर चॅट पुसू नका, वस्तू विहिरीत टाकू नका. आमच्याआधी कुणीतरी घाबरून गप्प बसलं असणार, म्हणून तर हे लोक इतक्या निर्धास्तपणे आमच्यापर्यंत पोहोचले.

गुरुजींनी ही हकिकत वाचनालयाच्या वार्षिक सभेत स्वतः उभं राहून सांगितली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना कळलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. सभेला शेजारच्या तालुक्यातले एक शिक्षक आले होते. त्यांनी तिथेच मोबाईल काढून दाखवला: तोच माणूस, तीच लाखेची मोहर, तेच आईचं ऑपरेशन. त्यांच्या शाळेला तो तात्या टोप्यांच्या छावणीतली दुर्बीण देतो म्हणतोय, आणि आगाऊ रकमेसाठी रोज फोन करतोय.