घरी बनवलेली ट्रॅक्टरची अवजारं : रब्बी, उन्हाळा आणि खरीप चालवून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. घरी बनवलेल्या चार अवजारांपैकी सरी रिजर (सऱ्या पाडायचं अवजार) आणि मागची पाटी (सामान न्यायचा लोखंडी मंच) यांत चांगले पैसे वाचले. रान सपाट करायच्या फळीत जेमतेम बरोबरी झाली. वखराचा हिशोब पैशात लावता येत नाही, पण चालतो मात्र तोच सगळ्यात छान.

जमीन राहुरी तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्याखाली. काळी, चिकट. वाफसा गेला की ढेकळं दगडासारखी होतात. ट्रॅक्टर २४ एचपीचा मिनी. पिकं म्हणजे कांदा, सोयाबीन, गहू आणि थोडा ऊस. २०२४ च्या दिवाळीनंतर कांदा लागवडीच्या तोंडावर बनवायला घेतलं आणि आता सोयाबीन निघेपर्यंत सगळं वापरून झालंय.

सुरुवात रिजरने झाली, आणि कारण फक्त पैसे नव्हते. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राची शिफारस आहे १२० सेंटिमीटर माथ्याची, १५ सेंटिमीटर उंच गादी आणि मधे ४५ सेंटिमीटरची सरी. म्हणजे सरी ते सरी साडेपाच फूट. मोठ्या ट्रॅक्टरला हे जमतं. मिनीची चाकं तेवढी पसरत नाहीत, त्यामुळे एक चाक सरीत तर दुसरं तयार गादीवर, असा तमाशा होतो. माझ्या चाकांना चार फुटांचं अंतर सोयीचं. माथा अडीच फुटांचा मिळतो, त्यावर ठिबकची एक नळी पुरते. दुकानात बघितलेल्या रिजरचे दात याच्यापेक्षा जास्त अंतरावर आणि जागेवर वेल्ड केलेले. सरकवता येतील असे हवेत म्हटल्यावर दुकानदाराने साडेसोळा हजार सांगितले, वर थांबायचं किती ते नक्की नाही.

मी दोन ७५ मिमीचे चॅनेल समोरासमोर धरून पाच फुटांची पेटी केली. त्यावर दोन्ही दात क्लॅम्पने बसवले, म्हणजे चार बोल्ट ढिले केले की अंतर कमीजास्त होतं. पंख ५ मिमी पत्र्याचे, मागून कमीजास्त उघडणारे. फाळ तयारच आणले, ते घरी करण्यात काही अर्थ नाही. लोखंड साधारण ८० किलो लागलं, पासष्टच्या भावाने ५,२०० रुपये. फाळ, बोल्ट आणि पिना १,६००, लेथवाल्याचे आणि पत्रा कापायचे ९००, रॉड, कटिंगची चाकं आणि रंग मिळून ७००. झाले ८,४००. कांद्याला, नंतर उसाच्या सऱ्यांना आणि पावसाळ्याआधी सोयाबीनच्या बेडला, सगळीकडे हाच चालला. फाळांची टोकं झिजली, बाकी काही नाही.

बनवायला बसणाऱ्याने रॉड हातात घेण्याआधी थ्री पॉईंटची, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार खाली दोन आणि वर एक (टॉप लिंक) अशा तीन ठिकाणी जोडतात त्याची, मापं कागदावर लिहावीत. आपल्याकडे त्यासाठी आयएस ४४६८ हे मानक आहे. मिनीला बहुतेक कॅटेगरी एक असते. खालच्या पिना २२ मिमीच्या, टॉप लिंकची १९ ची, खालच्या दोन पिनांच्या खांद्यांमधलं अंतर ६८३ मिमी आणि खालच्या पिनेपासून टॉप लिंकच्या भोकापर्यंत उंची ४६०. मोठ्या ट्रॅक्टरची कॅटेगरी दोन, तिथे खालची पिन २८ ची, वरची २५ ची आणि अंतर ८२५. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला आपलं अवजार लावून बघू, असा विचार असेल तर हा फरक आधीच लक्षात ठेवा. उलट मोठ्याचं अवजार मिनीला बुश घालून लावणारे असतात. पिन बसते, पण वजन आणि ओढ मिनीच्या कुवतीबाहेर जाते.

या मापांत खरी डोकेदुखी भोकांची. दोन्ही कानांची (पिन घालायच्या पट्ट्यांची) भोकं एका रेषेत नसतील तर अवजार जोडताना रोज हातोडा. लेथवाल्याने सांगितलेली युक्ती अशी : २२ मिमीचा एकच लांब सरळ बार सगळ्या कानांतून आरपार घालायचा आणि तसाच ठेवून टाके मारायचे. मग एक टाका डाव्या अंगाला, एक उजव्या, असं आलटून पालटून वेल्डिंग भरत जायचं. एकाच बाजूने सलग भरलं तर थंड होताना लोखंड त्या बाजूला ओढतं आणि काटकोन जातो. बार शेवटी हाताने फिरला पाहिजे. माझा फिरला, आणि तेवढ्यासाठी लेथवाल्याला दोन वेळा चहा पाजला.

वेल्डिंगचं मशीन २०० अँपिअरचं इन्व्हर्टरवालं, घरच्या सिंगल फेजवर. ज्यांच्याकडे संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो त्यांना पुढचं सांगायला नको. व्होल्टेज १७० च्या आसपास आलं की ३.१५ चा रॉड नुसता चिकटतो. त्याला हिसका मारून काढा, पुन्हा पेटवा, पुन्हा चिकट. चॅनेलच्या जाडीला २.५ च्या रॉडचं काम वरवरचं होतं, वरून सुबक दिसतं आणि आत शिरलेलंच नसतं. म्हणून जाड जोड रात्री अकरानंतर, गाव झोपल्यावर मारले. त्या वेळी रॉड असा सुरसुर चालतो की झोप उडते. एक्स्टेन्शनची वायर बारीक वापरू नका, ४ स्क्वेअर मिमीची तरी घ्या, अर्धं व्होल्टेज तीच खाते. साध्या जोडांना ६०१३ चा रॉड बास आहे. कान आणि दाताच्या दांड्या यांना ७०१८ मारला, पण तो दमट असला की फुकट जातो, आधी तापवून कोरडा करावा लागतो.

आणि अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असताना त्यावर वेल्डिंग करू नका. अर्थिंगचा चिमटा चुकीच्या जागी लागला तर करंट बेअरिंगमधून रस्ता काढतो, अल्टरनेटरही उडू शकतो. सोडवून बाजूला घ्या. सोडवणं अशक्यच असेल तर बॅटरीची तार काढा आणि चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा.

आता फळी. रानातले उंचवटे काढायला, शेणखत पसरायला, बांधाकडेची माती ओढायला. वाक दिलेला पत्रा महाग पडतो म्हणून पाणीयोजनेच्या जुन्या १४ इंची लोखंडी पाईपचा तुकडा भंगारातून आणला आणि उभा चिरून घेतला. वाक आयताच मिळाला. खाली १२ मिमीची पट्टी बोल्टने लावली, झिजली की उलटी करता येते. मेहनत फळीपेक्षा तिच्या उभ्या खांबावर जास्त झाली. काम करताना माती फळीला मागे धरते, ट्रॅक्टर खालच्या दोन हातांनी पुढे ओढतो, त्यामुळे अवजार वरून पुढे कलायला बघतं आणि टॉप लिंक त्याला मागे रेटून धरते. म्हणजे खांबाच्या टोकापासून मागच्या चौकटीकडे येणारे तिरके आधार दाबले जातात. हायड्रॉलिकने उचलल्यावर तेच आधार ताणले जातात. बाजारातल्या बऱ्याच हलक्या फळ्यांना हे आधार चपट्या पट्टीचे असतात. माझेही ४० बाय ८ च्या पट्टीचे होते. ताणाला पट्टी हलत नाही, दाबाला मात्र मधून फुगते. उन्हाळ्यात जुन्या बाभळीच्या खोडाला फळी अडली आणि दोन्ही पट्ट्या कमानीसारख्या बाहेर आल्या. वेल्डिंगला काही झालं नव्हतं. त्या जागी सवा इंची जाड पाईप घातले, त्यानंतर तक्रार नाही. खर्च सगळा मिळून ८,६०० वर गेला. तयार फळी नऊ-दहा हजारांत मिळत होती, म्हणून वर बरोबरी म्हटलं. मोडतोड आणि मजुरी धरली तर तोटाच.

वखराची गोष्ट वेगळी. चौकट साधीच, अँगलची. जीव आहे तो पासेत, म्हणजे खालच्या आडव्या पात्यात. ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा भंगारात मिळतो, त्याची पास करायची ठरवली. माझा बेत तिला थेट जानोळ्यांना, म्हणजे पास धरणाऱ्या उभ्या दांड्यांना, वेल्ड करायचा. आमच्या लोहारमामांनी पाटा हातात घेऊन वाजवला आणि म्हणाले, "पाट्याला रॉड मारू नका, काचंवानी तुटंल." त्यांचं बरोबर आहे. कमानीच्या पोलादात कार्बन जास्त असतो. वेल्डच्या शेजारची जागा भराभर थंड होऊन कडक आणि ठिसूळ होते, मग पहिल्याच दगडाला चीर जाते. ड्रिलनेही त्याला भोक पडत नाही, बिटाचं टोकच जळतं. मामांनी पाटा लाल करून सरळ केला, गरम असतानाच पंचाने भोकं पाडली, एका अंगाने ठोकून धार काढली. शेवटी धारेकडचा भाग पुन्हा तापवून जळक्या तेलात बुडवला. पाण्यात बुडवला असता तर चिरला असता, असं त्यांचं म्हणणं. धूर आणि वास सगळ्या आळीत. मग चपट्या डोक्याच्या प्लाऊ बोल्टने पास जानोळ्यांना आवळली. सोयाबीनच्या आधी दोनदा पाळी घातली, हरळी मुळासकट वर आली. धार एकदाच ठोकून आणावी लागली. मजुरी मामांनी किती घेतली ते लिहीत नाही, कारण त्यांनी जे घेतलं तो या कामाचा भाव नव्हे. सगळ्यांकडे असा लोहार नसतो, आणि गावोगावचे भाते विझतायत.

पाटी, म्हणजे थ्री पॉईंटवर उचलायचा लोखंडी मंच, हे सगळ्यात सोपं काम आणि रोज वापरात तेच. खताच्या गोण्या, पाईप, फवारणीचा ड्रम, कांदा. ५० किलोच्या सहा गोण्यांवर मी जात नाही. ट्रॅक्टरच्या कागदावर उचल ७५० किलो लिहिलीय, पण ती खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेली. गोण्यांचं वजन तिथून दीड फूट मागे पडतं, शिवाय पाटीचं स्वतःचं वजन आहेच. जास्त भरलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. कालव्याच्या भरावावर हा प्रयोग नको. पाटी खोलीला कमी ठेवली ती त्यासाठीच.

खराब काय झालं? भोकं. खालच्या कानांची भोकं आता किंचित लंबगोल झालीत, कारण १० मिमी साध्या पट्टीत कडक पिन घासते. दुसरं अवजार करताना कानाला बाहेरून एक वॉशर वेल्ड करून जाडी वाढवली, तिथे घासलेलं दिसत नाही. रिजरच्या क्लॅम्पला साधे बोल्ट टिकत नाहीत, ताणून लांब होतात. ८.८ छापाचे हायटेन्साईल घाला आणि पहिल्या दिवशी दुपारी पुन्हा आवळा. रंगाचं सांगायचं तर रेड ऑक्साईडवर दोन हात मारले तरी मातीत जाणाऱ्या भागावर आठवडाभरसुद्धा राहत नाही. काम झालं की जळकं तेल पुसून ठेवतो.

आता पैशाचा न दिसणारा भाग. मशीन, ग्राइंडर, हेल्मेट, वायर, क्लॅम्प यांना १३-१४ हजार गेले. एकच अवजार करायचं असेल तर हा खर्च निघत नाही, सरळ विकत घ्या. मी बनवलं तेव्हा तयार अवजारांवर जीएसटी १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, आणि आपण विकत घेतो त्या लोखंडावर मात्र १८ टक्केच आहे. आज हिशोब केला तर माझी बचत तेवढी कमी दिसेल. महाडीबीटीवरून (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवरून) कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान मिळालं तर किमतीच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत मदत होते, पण त्यासाठी कोटेशन, पूर्वसंमती, पक्कं बिल आणि तपासणी झालेलं मॉडेल लागतं. घरच्या अवजाराला यातलं काहीच नाही. नंबर लागला असेल तर रॉड खाली ठेवा आणि दुकान गाठा. आणि विकायला काढलं तर घरचं अवजार भंगाराच्या भावाने जातं.

रोटाव्हेटर, गवत कापायचं, कुट्टीचं, थोडक्यात पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं काहीही मी घरी करणार नाही. मिनिटाला ५४० फेरे फिरणाऱ्या दांड्यावर पातं सुटलं तर ते कुठे जाईल सांगता येत नाही, आणि उघड्या शाफ्टमध्ये पंचा-धोतर अडकून गेलेली माणसं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. ट्रॉलीही नाही, तिला आरटीओची नोंदणी लागते. पलटी नांगराचा नाद एका नातेवाइकाने केला, पण त्याच्या पंखाचा वाक साध्या पत्र्याला हातोड्याने येत नाही. माती उलटत नाही, नुसती बाजूला सरकते.

पेरणी यंत्राबद्दल दोघा-तिघांनी विचारलं म्हणून लिहितो. चौकट, फण आणि पेटी घरी होतील. दाणे मोजून सोडणारे खाचांचे रोलर आणि त्यांना चाकावरून येणारी चेन सुटी मिळते, ती विकतच घ्यायची. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलोच्या हिशोबाने पडतंय की ४० च्या, हे त्या रोलरवर ठरतं. येत्या उन्हाळ्यात अशीच जुळणी करायचा विचार आहे. फणांचं अंतर दीड फूट ठेवणार, म्हणजे पुढे तोच वखर छोटी पास लावून कोळपणीलाही घालता येईल. छोट्या पासेसाठी पाट्याचे दोन तुकडे मामांकडे टाकून आलोय.