ठासणीच्या बंदुकीला नवा दस्ता: तयार कोरलेला की फळीतून?

पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या ठासणीच्या लांब रायफलींचा दस्ता, म्हणजे लाकडी अंग, बहुधा मेपलचा. तो फुटला, पण नळी, चाप (ठिणगी पाडणारी यंत्रणा) आणि खटका (बोटाने ओढायचा) शाबूत असतील तर हात बसवायला यापेक्षा चांगलं काम नाही. त्याआधी नळीत गज (दारू-गोळी ठासायची काठी) घालून त्यावर नळीच्या तोंडाशी खूण करा. तीच लांबी बाहेरून धरली तर गजाचं टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत (जिथून आग आतल्या दारूला लागते) पोचायला हवं. छिद्राच्या अलीकडे थांबलं, तर आत जुना बार (भरलेली दारू-गोळी) असू शकतो.

तयार दस्त्यात नळीची खाच आणि गजाचं भोक पाडलेलं असतं. गजाचं भोक म्हणजे डोकेदुखीच: ३/८ इंची लांब ड्रिल भरकटतं, नळीच्या खाचेत किंवा खालून बाहेर निघतं. खाच आणि भोक यांच्या मधे निदान १/८ इंच लाकूड उरायला हवं. ती जोखीम इथे टळते. पण हाताने घडवलेला जुना चाप यंत्राने कोरलेल्या खाचेत क्वचितच बसतो, आणि जास्त निघालेलं लाकूड परत लावता येत नाही.

फळीत प्रत्येक भागाची जागा तुम्ही ठरवता. आधी नळी, मग गजाचं भोक, मग चाप, शेवटी खटका. बत्तीचं छिद्र चापावरच्या रंजकाच्या (पेटवायच्या दारूच्या) वाटीच्या मधोमध यावं म्हणून हा क्रम. भागाला काजळी-तेल लावून तो लाकडात दाबा, डाग उठेल तेवढंच खरवडा. मुठीपाशी लाकडाच्या रेषा तिरक्या सुटल्या तर दस्ता पुन्हा तिथेच फुटेल. नळीचा मागचा भाग लाकडाला घट्ट टेकावा, शेपटीमागे (नळीच्या मागे निघालेली पट्टी) मात्र केसभर फट ठेवा.

जुने भाग हाताशी असतील तर फळीच घ्या, वेळ दुप्पट लागला तरी.